चाकातील पहारेकरी
जुन्या मोटारीतील दाबसंवेदक व त्यांच्या दोषांचे निदान

मोटारीचा भार कोण पेलतो, असा प्रश्न विचारला तर बहुतेक विद्यार्थी 'टायर' असे उत्तर देतील. हे उत्तर अर्धेच खरे आहे. भार पेलते ती टायरमध्ये कोंडलेली हवा. रबर, सूत व पोलादी तारा यांचे काम त्या हवेला आवरून धरण्याचे. हवा योग्य दाबाची असेल तर टायर आपला आकार राखतो. ती कमी झाली तर मोटारीच्या वजनाखाली टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात व पुन्हा सरळ होतात. लोखंडी तार एकाच जागी वारंवार वाकवली तर ती तापते, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. टायरचेही तसेच होते. वेगाने धावणाऱ्या मोटारीचे चाक मिनिटाला आठशेहून अधिक फेरे करते, आणि प्रत्येक फेऱ्यात थोडी थोडी उष्णता निर्माण होत जाते. ही उष्णता रबराची पकड सैल करते. शेवटी टायरचा रस्त्याला टेकणारा थर आतील पोलादी पट्ट्यांपासून सुटू लागतो.

यातील खरी अडचण अशी की, कमी झालेली हवा डोळ्यांना दिसत नाही. हल्लीचे रेडियल टायर पुरेशी हवा भरलेली असतानाही जमिनीलगत किंचित फुगलेले दिसतात. त्यामुळे चौथा हिस्सा दाब नाहीसा झाला तरी नुसत्या नजरेने तो ओळखणे अवघड असते. जे डोळ्यांना दिसत नाही ते चालकाला सांगावे, यासाठी चाकात बसविलेला पहारेकरी म्हणजे दाबसंवेदक होय. परंतु पहारेकरीही म्हातारा होतो. तो केव्हा खरे सांगत आहे आणि केव्हा स्वतःच आजारी पडला आहे, हे कसे ओळखावे, याचा विचार या पुस्तिकेत केला आहे.

एका कायद्याचा जन्म

चाकातील दाब चालकाला बसल्या जागी कळावा, ही कल्पना नवी नाही. १९८६ साली जर्मनीतील पोर्शे ९५९ या मोटारीत अशी यंत्रणा बसविण्यात आली होती. मात्र पुढे कित्येक वर्षे ती मूठभर महागड्या मोटारींपुरतीच राहिली. तिला सार्वत्रिक स्वरूप आले ते एका मोठ्या अनर्थानंतर.

१९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या एक्सप्लोरर या उंच मोटारीचा प्रसार झाला. या मोटारींपैकी अनेकींना फायरस्टोन कंपनीचे टायर बसविलेले होते. उष्ण प्रदेशात, भरल्या मोटारीने, जलद मार्गावरून धावताना काही टायरांचा वरचा थर अकस्मात सुटू लागला, आणि मोटारी उलटू लागल्या. ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागविण्यात आले. या अपघातांत अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद झाली. टायरच्या घडणीतील दोष, मोटारीची उंची, तिचे ओझे आणि हवेचा कमी दाब, यांपैकी कशाचा वाटा किती, यावर दोन्ही कंपन्यांत मोठा वाद झाला. कमी दाबाने टायर तापतो, हा भौतिकीचा नियम मात्र वादातीत होता.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेत टायरांच्या सुरक्षिततेविषयी कायदा संमत झाला, आणि दाब कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा प्रत्येक नव्या मोटारीत असावी असे ठरले. २००२ साली निघालेल्या पहिल्या नियमात एक पळवाट राहून गेली होती. कोणत्याही एकाच टायरची हवा कमी झाली तरच सूचना देणारी यंत्रणाही त्या नियमाने चालण्यासारखी होती. चारही टायर सारखेच सैल झाले तर तिला काहीच कळले नसते. हा नियम २००३ साली न्यायालयाने रद्द केला. २००५ साली नवा नियम आला. एक, दोन, तीन वा चारही टायरांचा दाब ठरीव दाबापेक्षा २५ टक्क्यांनी कमी झाला, तर वीस मिनिटांच्या आत दिवा लागलाच पाहिजे, असे त्यात म्हटले होते. सप्टेंबर २००७ पासून तेथील सर्व हलक्या नव्या मोटारींना तो लागू झाला. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या प्रवासी मोटारींना अशी यंत्रणा आवश्यक केली. भारतात २०२० साली नियमांत दुरुस्ती होऊन, ट्यूब नसलेले टायर, दाबसूचक यंत्रणा व पंक्चर दुरुस्तीचे साहित्य असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना जादा चाक बाळगण्याच्या बंधनातून सूट मिळाली. म्हणजे ज्या मोटारीत जादा चाक नाही, तिच्यात या दिव्याचे महत्त्व अधिकच वाढते.

२००७-०८ सालच्या त्या अमेरिकन मोटारी आता जुन्या झाल्या आहेत, आणि त्यांच्या चाकांतील पहारेकरीही. निदानाचा विचार त्यांच्याच आधारे करणे सोयीचे होईल.

संवेदकाची रचना

दाब ओळखण्याच्या दोन रीती आहेत. पहिली अप्रत्यक्ष. हवा कमी झालेल्या चाकाची परिणामी त्रिज्या किंचित घटते, आणि तेवढेच अंतर तोडण्यास त्याला इतर चाकांपेक्षा थोडे अधिक फेरे करावे लागतात. ब्रेकच्या यंत्रणेसाठी प्रत्येक चाकापाशी जे वेगमापक बसविलेले असतात, त्यांच्या आकड्यांवरून हा फरक कळतो. या रीतीत चाकाच्या आत काहीच नसते, म्हणून तेथे बिघडण्यासारखेही काही नसते. मात्र हवा भरल्यावर यंत्रणेला 'हा योग्य दाब' असे नव्याने सांगावे लागते. ते सांगण्याचे राहिले तर तिची तुलनाच चुकते.

दुसरी रीत प्रत्यक्ष. तिच्यात प्रत्येक चाकाच्या आत एक छोटी डबी असते. बहुधा ती हवा भरण्याच्या व्हॉल्व्हच्या देठालाच जोडलेली असते. काही मोटारींत ती पोलादी पट्ट्याने रिमला बांधलेली असते. या डबीत सिलिकनचा अत्यंत पातळ पडदा असतो. दाबाने हा पडदा वाकला की त्यावरील सूक्ष्म विद्युत्‌रोधांचे मूल्य बदलते, आणि त्यावरून दाब मोजला जातो. शेजारी तापमान मोजणारा घटक, चाक फिरते आहे की थांबले आहे हे ओळखणारा घटक, लहानसा रेडिओ प्रक्षेपक आणि लिथियमचा चपटा विद्युत्‌घट असतो. प्रक्षेपणाची कंपनसंख्या अमेरिकेत बहुधा ३१५ मेगाहर्ट्‌झ, तर युरोपात ४३३ मेगाहर्ट्‌झ असते. प्रत्येक डबीचा स्वतःचा क्रमांक असतो व तो प्रत्येक संदेशाबरोबर पाठविला जातो. मोटारीतील ग्राहक आपल्या चार क्रमांकांचेच संदेश स्वीकारतो. शेजारून जाणाऱ्या मोटारीच्या संदेशाने त्याचा गोंधळ होत नाही तो यामुळेच.

ही डबी किती खडतर जागी राहते, याचा हिशेब मनोरंजक आहे. मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत आहे, टायरची त्रिज्या ३० सेंटिमीटर आहे आणि संवेदक चाकाच्या मध्यापासून २० सेंटिमीटरवर आहे, असे समजू. मग त्याच्यावरील केंद्रगामी त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १७५ पट येते. तीस ग्रॅम वजनाची डबी त्या वेळी आपल्या आधाराला पाच किलोग्रॅमहून अधिक वजनाच्या वस्तूसारखी ताणत असते. म्हणूनच तिचे सर्व भाग घट्ट लेपात बुडवून बंद केलेले असतात. याचा परिणाम असा की, आतील विद्युत्‌घट संपला तर तो बदलता येत नाही. संपूर्ण संवेदकच बदलावा लागतो. घट टिकावा म्हणून मोटार उभी असताना संवेदक जवळजवळ झोपलेला असतो, आणि चाक फिरू लागले की साधारणपणे मिनिटा-मिनिटाने संदेश पाठवितो. एवढी काटकसर करूनही घटाचे आयुष्य सामान्यतः सात ते दहा वर्षांचेच असते.

दिवा काय सांगतो?

चालकासमोरील पिवळ्या दिव्यावर घोड्याच्या नालासारखी आकृती व तिच्या मध्ये उद्‌गारचिन्ह असते. ती टायरच्या छेदाची आकृती होय. हा दिवा दोन वेगळ्या भाषांत बोलतो, आणि निदानाची पहिली पायरी म्हणजे त्या भाषा ओळखणे.

दिवा मोटार सुरू होताच किंवा चालताना लागला व स्थिर राहिला, तर त्याचा अर्थ 'हवा कमी आहे'. तोच दिवा मोटार सुरू केल्यावर एक ते दीड मिनिट उघडझाप करून मग स्थिर झाला, तर त्याचा अर्थ 'यंत्रणाच बिघडली आहे. हवेविषयी मला सांगता येत नाही'. पुष्कळ मालक मोटार सुरू करताच निघून जातात. पहिल्या मिनिटातील उघडझाप त्यांच्या ध्यानात येत नाही, आणि मागाहून स्थिर दिसणारा दिवा पाहून ते हवा भरीत राहतात. हवा भरूनही दिवा विझत नाही, तेव्हा कंटाळून त्याच्यावर काळी पट्टी चिकटविणारेही आढळतात. ज्या दिवशी खरोखर खिळा रुततो, त्या दिवशी सांगणारे कोणी उरत नाही.

थंडीतील खोटा वाटणारा इशारा

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील २००८ सालची एक मोटार उदाहरणादाखल घेऊ. तिच्या दाराच्या खांबावरील पत्रकात थंड टायरचा दाब दर चौरस इंचास ३३ पौंड दिला आहे. शरद ऋतूत २० अंश सेल्सिअस तापमानात शेवटची हवा तपासली तेव्हा टायरमध्ये ३१ पौंड होती. जानेवारीतील एका पहाटे तापमान उणे २५ अंशांवर उतरले. मालकाने मोटार सुरू केली आणि दिवा लागला. थोडे अंतर गेल्यावर टायर तापले व दिवा विझला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घडले. दिवा वेडा झाला आहे, असे मालकाचे मत बनले.

गणित वेगळेच सांगते. टायरचे घनफळ जवळजवळ कायम राहते, म्हणून आतील हवेचा निरपेक्ष दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. दाबमापक मात्र बाहेरील वातावरणापेक्षा जास्त असलेला दाबच दाखवितो. म्हणून हिशेबाआधी त्यात वातावरणाचा १४.७ पौंड दाब मिळवावा लागतो. ३१ अधिक १४.७ म्हणजे ४५.७. उणे २५ अंश म्हणजे २४८ केल्व्हिन व २० अंश म्हणजे २९३ केल्व्हिन. ४५.७ ला २४८ ने गुणून २९३ ने भागले असता ३८.७ येतात. त्यांतून १४.७ वजा केले की मापकावर २४ पौंड दिसतील. ३३ चे पंचाहत्तर टक्के म्हणजे पावणेपंचवीस. तेव्हा दिवा लागणे अगदी रास्त होते. धावून टायरमधील हवा ५ अंशांपर्यंत तापली की दाब २८ पौंडांच्या वर जातो व दिवा विझतो.

येथे संवेदक निर्दोष आहे. दोष आहे तो विसरलेल्या दोन पौंडांचा व थंडीचा. उपाय एकच. मोटार काही तास उभी राहून टायर थंड झाल्यावर, चांगल्या दाबमापकाने चारही चाके तपासावीत आणि खांबावरील पत्रकाप्रमाणे हवा भरावी. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा त्या टायरची कमाल मर्यादा असते. मोटारीसाठी योग्य दाब तो नव्हे.

दोष शोधण्याचा क्रम

आता असे समजू की, पुढील हिवाळ्यात त्याच मोटारीचा दिवा उघडझाप करू लागला. येथे घाईने काहीही विकत घेण्यापूर्वी क्रमाने विचार करणे हिताचे आहे.

प्रथम हवा हाताने तपासावी. यंत्रणा आंधळी झाली असताना हवाही कमी असणे अशक्य नाही, आणि जीविताचा प्रश्न आधी सोडवला पाहिजे.

त्यानंतर अलीकडे काय बदलले, हे आठवावे. हिवाळ्यासाठी वेगळी चाके बसविली आणि त्यांत संवेदक नसले, तर दिवा आपले कर्तव्यच करीत आहे. टायर बदलताना यंत्राचा दांडा लागून संवेदक फुटला असेल. पंक्चरवर उपाय म्हणून आत सोडलेल्या द्रवाने त्याचे सूक्ष्म छिद्र बुजले असेल. काचांवर धातूमिश्रित पडदा चिकटविला असेल, किंवा मोबाइल भारित करणारे एखादे स्वस्त उपकरण मोटारीत नव्याने लावले असेल, तर रेडिओ संदेशात अडथळा येऊ शकतो. असे उपकरण काढून पाहणे हा बिनखर्चाचा प्रयोग आहे.

तिसरा प्रश्न : एक संवेदक गप्प आहे की चारही? चार वेगळे विद्युत्‌घट एकाच दिवशी संपणे संभवत नाही. चारही एकदम मुके झाले तर संशय सांगणाऱ्यांवर घेऊ नये, ऐकणाऱ्यावर घ्यावा. मोटारीतील ग्राहक, त्याचा फ्यूज, त्याच्या जोडतारा यांची तपासणी करावी. एकच गप्प असेल तर दोष त्या चाकातच असण्याचा संभव अधिक.

हे ठरविण्यासाठी कारागीर हातात मावणारे परीक्षक यंत्र वापरतात. ते व्हॉल्व्हजवळ टायरला लावून धरले की, १२५ किलोहर्ट्‌झच्या मंद लहरींनी झोपलेल्या संवेदकाला जागे करते व त्याचे उत्तर ऐकते. पडद्यावर संवेदकाचा क्रमांक, दाब, तापमान आणि पुष्कळदा घटाची स्थिती उमटते. उदाहरणातील मोटारीचे डावे मागील चाक काहीच बोलले नाही. उजव्या मागील चाकाने उत्तर दिले, पण घट क्षीण असल्याचे कळविले. पुढील दोन्ही चाकांची उत्तरे ठीक होती.

क्षीण घटाचे एक लक्षण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. थंडीत घटाची शक्ती आणखी मंदावते. म्हणून असा संवेदक पहाटे गप्प राहतो व दुपारी बोलू लागतो. दोष येतो-जातो असे दिसले की मालक निश्चिंत होतो. वस्तुतः तो आयुष्याच्या अखेरीचा निरोप असतो.

गप्प चाकाच्या व्हॉल्व्हकडेही पाहावे. ॲल्युमिनियमच्या देठात साधी पितळी आतली पिन बसविली आणि रस्त्यावरील मिठाचे पाणी त्यांत शिरले, तर दोन धातू व क्षार मिळून एक लहानसा विद्युत्‌घटच तयार होतो. ॲल्युमिनियम झिजत जाते, पांढरी भुकटी दिसते, आणि शेवटी देठ हातात तुटून येतो. अशा देठासाठी निकेलचा मुलामा दिलेली पिन व प्लास्टिकचे टोपण वापरतात, ते यासाठीच. गंजलेला देठ जोराने पिळू नये; क्षणात सर्व हवा निघून जाते.

बदल आणि नवी ओळख

आता किती संवेदक बदलावेत? चारही बदला, असा सल्ला सहज मिळतो. तो नेहमीच चूक नसतो व नेहमीच बरोबरही नसतो. चारही संवेदक एकाच वयाचे असतात. एक संपला की इतरांची पाळी दूर नसते. प्रत्येक वेळी टायर रिमवरून उतरविण्याची मजुरी मात्र वेगळी पडते. म्हणून टायर नवे घालावयाचे असतील, तर त्याच वेळी चारही बदलणे काटकसरीचे ठरते. टायर अजून बरीच वर्षे चालणारे असतील, तर जो गप्प आहे तो व जो क्षीण आहे तो, एवढे बदलणे पुरे. परीक्षक यंत्राची नोंद हाती असली म्हणजे हा निर्णय अंदाजावर सोडावा लागत नाही.

नवा संवेदक त्याच कंपनसंख्येचा व त्या मोटारीची सांकेतिक भाषा बोलणारा असला पाहिजे. ३१५ मेगाहर्ट्‌झ ऐकणाऱ्या ग्राहकाला ४३३ चा संवेदक कितीही चांगला असला तरी ऐकू येणार नाही. त्यानंतर मोटारीला नवा क्रमांक शिकवावा लागतो. काही मोटारी थोडे अंतर धावताना तो आपणहून शिकतात. काहींना विशिष्ट क्रमाने बटणे दाबून शिकण्याच्या स्थितीत आणावे लागते, आणि मग प्रत्येक चाकाशी परीक्षक यंत्र धरून ओळख करून द्यावी लागते. काहींत ही नोंद निदानाच्या जोडणीतून तारेने केली जाते. कोणत्या मोटारीची रीत कोणती, हे तिच्या माहितीपुस्तकात पाहावे. पुढची चाके मागे व मागची पुढे केल्यावरही काही मोटारींना ही ओळख नव्याने करून द्यावी लागते. नाही तर दिवा खरा इशारा देईल, पण चाक भलतेच दाखवील.

पहारेकऱ्याच्या मर्यादा

संवेदक दुरुस्त झाला म्हणजे चालकाची जबाबदारी संपली, असे नाही. नियमाप्रमाणे दिवा लागण्यापूर्वी चौथा हिस्सा दाब कमी होऊ शकतो. ३३ ऐवजी २६ पौंडांवर धावणारा टायर तापतो, लवकर झिजतो, इंधन अधिक खातो, आणि तरीही दिवा शांत असतो. टायरची झीज, बाजूवरील चीर किंवा रबराचे म्हातारपण यांविषयी संवेदकाला काहीच कळत नाही. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासापूर्वी हाताने हवा तपासण्याची जुनी सवय म्हणून आजही सोडता येत नाही. चाकातील पहारेकरी हा त्या सवयीचा मदतनीस आहे. ती सवय मोडली तर त्याचा उपयोग अर्ध्यावर येतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. सकाळी २७ अंश सेल्सिअस तापमानात टायरमध्ये ३२ पौंड हवा भरली. प्रवासात आतील हवा ५७ अंशांपर्यंत तापली. मापकावर किती दाब दिसेल? (उत्तर : सुमारे ३६.७ पौंड.) हा वाढलेला दाब पाहून कोणी हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय होईल?

२. फक्त एका टायरची हवा कमी झालेली ओळखणारी यंत्रणा आणि चारही टायरांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, यांपैकी थंडीच्या लाटेत कोणती उपयोगी पडेल? कारण द्या.

३. एका मोटारीतील चारही संवेदक एकाच दिवशी गप्प झाले. चार नवे संवेदक आणण्यापूर्वी कोणत्या गोष्टी तपासाव्यात, त्यांचा क्रम लिहा.

४. शाळेजवळील टायरच्या दुकानात जाऊन जुना व्हॉल्व्ह मागून आणा. आतली पिन काढून हवा एकाच दिशेने कशी जाते ते पाहा, आणि त्याची आकृती काढा.